न्हाणीघरातला चोविसावा चॅनेल

ज्या वर्षी नळकाम करणाऱ्या वेलिच्को उस्तादांची एकुलती एक मुलगी रुमेना नऊ वर्षांनी व्हिएन्नाहून आपल्या व्रेलो गावी परत आली, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझा जन्म झाला. नेमके साल मला सांगता येणार नाही. व्रेलोत अजूनही लोक 'रुमेना आली ते वर्ष' असेच म्हणतात, आणि तेवढ्याने सगळ्यांना कळते.

मित्रांनो, मी एक जुना पोलादी चॅनेल आहे. टीव्हीवरचा नव्हे, भिंतीवरचा. चौकोनी नळी घेऊन तिची एक बाजू कापून काढली आणि उरलेल्या कडा आत वळवल्या, तर ती जशी दिसेल तसा मी दिसतो. माझ्या आतल्या कडांना बारीक दाते आहेत आणि पाठीला लांबट भोके आहेत. इमारतीतले पाण्याचे पाइप, हवेच्या नळ्या, विजेच्या तारा कुणीतरी धरून ठेवाव्या लागतात. ते काम आमचे. मी म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला हात, आणि माझ्यावर बसणारा क्लॅम्प म्हणजे त्या हाताची मूठ. तुम्ही आम्हाला फारसे पाहिले नसेल, कारण आम्ही राहतो तळघरात, छताच्या वर, पडद्याआड. पण तुमच्या नळाला पाणी येते ना, तेव्हा वाटेत कुठेतरी आमच्यापैकी कुणीतरी हात पुढे करून उभा असतो.

माझ्या जन्माची गोष्ट सांगताना मला आजही उत्साह येतो. एका मोठ्या कारखान्यात पोलादाची पट्टी गुंडाळी सोडून धावत सुटली. ती पट्टी म्हणजे मीच! एकामागून एक रूळ मला दाबत गेले. पहिल्याने थोडे वाकवले, दुसऱ्याने आणखी थोडे, आणि शेवटच्या रुळातून बाहेर पडलो तेव्हा मला पाठ होती, दोन बाजू होत्या आणि ओठही होते. मग वितळलेल्या जस्तात बुडवून मला आंघोळ घातली. ती आंघोळ अशी कडकडीत होती की तिच्यापुढे व्रेलोचा गरम झरा म्हणजे कोमट चहा. बाहेर आलो तो चांदीसारखा चमकत. "आता तुला गंज शिवणार नाही," असे त्या जस्ताने जणू माझ्या अंगावर लिहून दिले.

तेव्हा मी सहा मीटर लांब होतो. माझ्या भावांबरोबर मला एका ट्रकवर चढवले आणि एका सकाळी आम्ही वेलिच्को उस्तादांच्या अंगणात उतरलो. अंगणभर मिरच्या भाजल्याचा वास होता. शेजारणी चुलीशी बसून सोलत होत्या आणि ट्रकवाल्याला 'धूळ उडवू नकोस' म्हणून झापत होत्या.

उस्ताद तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते. बुटके, रुंद, पांढऱ्या मिशांचे. डाव्या हाताचा अंगठा अर्ध्यावर तुटलेला. पन्नास वर्षे त्यांनी गावात थंड पाण्याचे पाइप टाकले होते. त्यांनी आवळलेला नट कधी सुटला नाही, अशी त्यांची ख्याती होती. नट आवळून झाला की पांढऱ्या रंगात तो तुटका अंगठा बुडवून ते नटावर ठसा उमटवत. अर्ध्या चंद्रासारखा ठसा. तो दिसला की लोक पुढे बघतसुद्धा नसत. त्यांच्या बरोबर काम करणारा वेल्डर त्रेंदाफिल म्हणायचा की उस्तादांनी आवळलेला नट सोडवायचा असेल तर आधी घर पाडावे लागते.

आणि रुमेना? उंच, घाईची, केस रुमालात बांधलेले. व्हिएन्नात ती मोठमोठ्या इमारतींचे गरम पाण्याचे काम शिकली होती. त्या वर्षी गावाने आपले जुने सार्वजनिक न्हाणीघर पुन्हा उभे करायला घेतले होते. व्रेलोत जमिनीतूनच उकळते पाणी येते, पण न्हाणीघर अकरा वर्षे बंद पडले होते. म्हातारी माणसे गुडघे चोळत त्याच्या दारावरून जात आणि उसासे टाकत. झऱ्यापासून आतल्या आंघोळीच्या कुंडापर्यंत नवा पाइप टाकायचे काम रुमेनाने घेतले. बापाच्या गावातले तिचे पहिले काम.

अंगणात पहिल्याच दिवशी ती बापाला काय म्हणाली ते मी माझ्या कानांनी ऐकले. दोघे माझ्या शेजारी खुर्च्या टाकून जेवत होते.

"बाबा, आधीच सांगून ठेवते. व्हिएन्नाची माझी जागा पहिल्या नोव्हेंबरपर्यंत राखून ठेवलीय. दिमित्रोवदेनला न्हाणीघर उघडलं, तर मी इथेच राहीन. नाही उघडलं, तर या गावात मला दुसरं काम कोण देणार?"

उस्तादांनी पाव मोडला आणि रश्शात बुडवला. त्यांची बायको चार वर्षांपूर्वी वारली होती आणि तेव्हापासून त्या घरात एकच ताट मांडले जात होते. मग म्हणाले, "मीठ कमी पडलंय."

दिमित्रोवदेन म्हणजे सव्वीस ऑक्टोबर, बांधकाम करणाऱ्यांचा सण. त्या दिवशी व्रेलोत कोणीही हातात हत्यार धरत नाही. ज्या कामावर त्या दिवशी हातोडा पडतो ते काम कधी सुखाचे होत नाही, असे तिथे मानतात. सणानंतर थंडी येते आणि मंडळी घरी बसतात. म्हणजे पंचवीस तारखेच्या संध्याकाळी देवळाची घंटा वाजायच्या आत सगळे संपायला हवे होते.

मग काय धांदल सुरू झाली! रुमेनाने मला आणि माझ्या भावांना मापावर कापले. एका हाताच्या लांबीचे आम्ही चोवीस जण झालो. कापल्यावर माझी टोके उघडी पडली, कारण तिथे जस्त नव्हते. उस्तादांनी कानस घेऊन प्रत्येकाच्या कडा गुळगुळीत केल्या आणि कापलेल्या जागी जस्ताचा रंग लावला. "कापलेलं अंग उघडं ठेवलं तर गंज तिथूनच आत शिरतो," असे ते स्वतःशीच पुटपुटत होते. आई लेकराचे कान पुसते तसे त्यांनी आमची टोके पुसली. ती माया मी कधी विसरलो नाही.

न्हाणीघराच्या तळघरात एक लांब बोळ आहे, छत्तीस मीटरचा. त्याच्या भिंतीवर ठरावीक अंतराने आम्हाला बसवले. पहिला माझा भाऊ झऱ्याच्या बाजूला, आणि मी चोविसावा, अगदी शेवटी, जिथे पाइप वळून कुंडाकडे खाली उतरतो तिथे. भिंतीत भोक पडले, बोल्ट आत गेला, मी घट्ट बसलो. माझ्या पोटात नट सरकवून त्याला पाव वळण दिले की त्याचे दाते माझ्या दात्यांत रुततात. किती समाधानाची गोष्ट ती! मग रबराचे अस्तर असलेला क्लॅम्प आला, आणि शेवटी तो चकचकीत पाइप आमच्या चोवीस मुठींत आडवा झाला. मला वाटले, आता मी कुणीतरी आहे.

फक्त एक गोष्ट मला खटकली. पहिल्या भावाचा क्लॅम्प रुमेनाने ताकद लावून आवळला, पण आम्हा बाकी तेवीस जणांचे क्लॅम्प तिने किंचित सैल ठेवले. पाइप माझ्या मुठीत बसला होता, पण ढकलला तर सरकत होता. मला जरा अपमानच वाटला. पहिल्याला पूर्ण भाकरी वाढली आणि आम्हाला अर्धी, असे काहीसे.

खरे कारण मला नंतर कळले. पाइपमधून गरम पाणी गेले की पाइप लांब होतो. छत्तीस मीटरचा पाइप चांगला तीन सेंटिमीटर वाढतो. एका टोकाला त्याला घट्ट धरायचे आणि बाकी ठिकाणी नुसता आधार द्यायचा, म्हणजे तो वाढून वळणापाशी आरामात सरकतो. रुमेनाला हे ठाऊक होते. उस्तादांना नव्हते. त्यांचे आयुष्य थंड पाण्यात गेले होते. थंड पाण्याचा पाइप जिथे धराल तिथेच राहतो.

त्याने काही बिघडले नसते, जर तिने त्यांना सांगितले असते. पण घाईत ती एवढेच म्हणाली होती, "बाबा, खालचं माझं मी बघते. तुम्ही वरच्या नळांचं बघा." त्रेंदाफिलच्या देखत म्हणाली होती. उस्ताद हसून 'हो व्हिएन्नाबाई' म्हणाले आणि जिना चढून गेले. पण जिन्यावरची त्यांची पावले मी ऐकली होती. ती फार सावकाश होती.

चोवीस तारखेला दुपारी रुमेना आणि त्रेंदाफिल घेवड्याचे सूप प्यायला बाहेर गेले. उस्ताद एकटे खाली आले. त्यांना नुसते बघायचे होते. लेकीचे काम बापाने बघू नये का? त्यांनी दिवा धरला, शिडी सरकवत कौतुकाने एकेका क्लॅम्पवरून हात फिरवला. दुसऱ्या भावापाशी थांबले. पाइप हलवून पाहिला. पाइप सरकला. तिसऱ्यापाशी गेले. तिथेही सरकला. माझ्यापर्यंत येईतो त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"तूसुद्धा सैलच का रे," ते मला म्हणाले. "सगळं विसरली पोरगी."

मी तुम्हाला सांगतो, त्या माणसाच्या मनात एकच भीती होती. उद्या पाणी सोडल्यावर पाइप खाली पडला, तर लेक पहिल्या तारखेला बॅग उचलून जाईल. हे तिला सांगावे, तर त्रेंदाफिलसमोर तिची मान खाली जाईल. म्हणून त्यांनी पाना काढला आणि गुपचूप, एकेक करून, तेवीसच्या तेवीस क्लॅम्प आवळले. जीव खाऊन आवळले. आणि सवयीने प्रत्येकावर पांढऱ्या रंगाचा अंगठा उमटवला.

आणि मी? मी आनंदाने फुललो होतो, मित्रांनो! कधी नव्हे ती माझी मूठ वळली होती. माझ्या कपाळावर उस्तादांचा अर्धा चंद्र होता. आता पाइपाने हलून दाखवावे, असे मी मनात म्हणत होतो. माझे अज्ञान बघा.

पंचवीस तारखेला सकाळी दहा वाजता नगरपालिकेच्या इंजिनियर त्सान्कोवाबाई आल्या. जाड चष्मा, हातात वही, ओठ घट्ट मिटलेले. त्यांची सही झाली तरच दुसऱ्या दिवशी न्हाणीघर उघडणार होते. त्रेंदाफिल झऱ्याच्या बाजूला व्हॉल्व्हपाशी उभा राहिला. रुमेना माझ्याजवळ. उस्ताद जिन्याच्या पायरीवर, टोपी हातात घेऊन.

व्हॉल्व्ह फिरला. दूरवरून गुळगुळ आवाज आला. गरम पाणी, अकरा वर्षांनी, त्या इमारतीत! पाइप कोमट झाला, मग गरम झाला, रबराचा वास सुटला. माझ्या अंगावर शहारा आला असता, जर मला कातडी असती. आणि मग पाइप माझ्यावर रेटू लागला.

सुरुवातीला मी हसत होतो. मी घट्ट धरले. तो आणखी रेटला. मी आणखी धरले. माझ्या अलीकडचा भाऊ कुरकुरला, त्याच्या अलीकडचाही. सगळा बोळ कण्हायला लागला. तो पाइप काही वाईट नव्हता. त्याला वाढायचे होते आणि तेवीस मुठी त्याला वाढू देत नव्हत्या. सगळा रेटा येऊन माझ्यावर पडला, कारण माझ्यापलीकडे मोकळी जागा होती. माझी पाठ पिळवटली. भिंतीतला बोल्ट हलला, पावाएवढा गिलावा खाली पडला आणि 'ठण्' असा आवाज होऊन मी वाकलो.

"त्रेंदाफिल, बंद कर," रुमेना म्हणाली. ओरडली नाही. त्यामुळेच सगळे घाबरले.

पाणी थांबले. तिने माझ्या क्लॅम्पला बोट लावले. पांढरा अर्धा चंद्र. ती अलीकडच्या भावाकडे गेली. तिथेही चंद्र. पाच-सहा क्लॅम्प बघून ती परत आली, आणि तिने जिन्याकडे बघितले नाही. मुद्दाम बघितले नाही.

त्सान्कोवाबाईंनी वही उघडली आणि हे कसे झाले म्हणून विचारले.

"चूक माझी आहे," रुमेना म्हणाली. "सकाळी क्लॅम्प तपासायला हवे होते. मी तपासले नाहीत."

बाईंनी पेन काढले. काम वसंत ऋतूपर्यंत थांबवावे लागेल, असे त्या लिहू लागल्या. तेवढ्यात जिन्यावरून उस्ताद खाली आले. टोपी त्यांनी पायरीवरच ठेवली होती.

"ते खोडा, बाई," ते म्हणाले. "तिनं काही केलं नाही. मी आवळलेत. काल दुपारी, ती जेवायला गेली तेव्हा. मला वाटलं ती विसरली."

"बाबा, राहू द्या."

"काय राहू द्या? नटावर माझा अंगठा आहे. आता काय तो पण तुझा म्हणून सांगशील?"

पन्नास वर्षे ज्याच्या ठशापुढे गाव डोळे मिटून होते, तो माणूस नगरपालिकेच्या बाईंपुढे, त्रेंदाफिलपुढे, आपल्या लेकीपुढे असे बोलत होता. मी वाकडा लटकत होतो, पण मला माझे दुखणे आठवतही नव्हते. आता काय होणार, आता काय होणार, एवढेच माझ्या मनात.

त्सान्कोवाबाईंनी चष्मा पुसला. किती वाजेपर्यंत वेळ हवा, असे त्यांनी रुमेनाला विचारले. रुमेना म्हणाली, पाच. सहाला घंटा वाजते, बाई म्हणाल्या, त्यानंतर मी सही करणार नाही, मीही याच गावची आहे. आणि त्या गेल्या.

मग जे काही झाले ते मी पुन्हा पुन्हा जगायला तयार आहे! रुमेनाने पाइप गार करण्यासाठी ओढ्याचे थंड पाणी आत सोडायला सांगितले. त्रेंदाफिलने एक क्लॅम्प सोडवून पाहिला. पाना लटकला, त्रेंदाफिल लटकला, नट हलला नाही.

"उस्ताद," तो घाम पुसत म्हणाला, "तुमच्याशी कुस्ती खेळायला मला कुणी सांगितलं होतं? तुम्हीच या."

उस्तादांनी रुमेनाकडे पाहिले. ते शिडीजवळ गेले नाहीत. "किती सैल ठेवायचा?" त्यांनी विचारले. "मला दाखव. मला सैल ठेवता येत नाही."

दाराशी भिंतीवर रोज एक पान फाडायचे कॅलेंडर होते. रुमेनाने त्या दिवसाचे पान फाडले आणि त्याची चार पदरी घडी घातली.

"दिवस संपायच्या आत फाडलंस?" उस्ताद म्हणाले. "व्हिएन्नात दिवस असे फाडतात होय?"

"बाबा, इकडे बघा. ही घडी पाइप आणि रबराच्या मधून गेली पाहिजे. सहज गेली पाहिजे, पण पडता कामा नये."

त्यांनी घडी घातली, काढली, पुन्हा घातली. मग ते शिडीवर चढले. रुमेनाने दुसरे पान फाडून दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. सव्वीस तारखेचे पान ते, सणाचे! कुणालाही त्याची पर्वा नव्हती. वय सदुसष्ट, गुडघे आखडलेले, पण उस्ताद शिडी सरकवत होते, चढत होते, सोडवत होते, घडी घालून बघत होते. मधूनच विचारत, "हे ठीक?" ती तपासून म्हणे, "थोडं जास्त सैल झालं." ते पुन्हा चढत. एकदाही कुरकुरले नाहीत. बाराव्या क्लॅम्पपाशी दोघांची भेट झाली.

माझी मात्र जागा गेली. वाकलेल्या चॅनेलला पुन्हा भार देत नाहीत. त्रेंदाफिलने मला उतरवून कोपऱ्यात ठेवले आणि उरलेल्या तुकड्यातून नवा भाऊ कापला. घाई असूनही उस्तादांनी त्याच्या कडा घासल्या आणि टोकांना रंग लावला. गिलावा पडला होता तिथून वीतभर बाजूला, पक्क्या भिंतीत, त्याला बसवले. मी कोपऱ्यातून बघत होतो. खोटे कशाला सांगू, थोडा हेवा वाटला.

पाचला पाच कमी असताना त्सान्कोवाबाई आल्या. रुमेनाने नव्या चोविसाव्या क्लॅम्पच्या कडेशी पाइपवर पेन्सिलने एक रेघ मारली. उस्ताद चष्मा लावून शिडीच्या पायरीवर त्या रेघेसमोर बसले. व्हॉल्व्ह फिरला.

गुळगुळ. ऊब. रबराचा वास.

"चाललीय," उस्ताद हळूच म्हणाले.

पेन्सिलची रेघ क्लॅम्पपासून केसभर दूर गेली होती. मग गव्हाच्या दाण्याएवढी. मग बोटाएवढी. बोळ शांत होता, एकही भाऊ कुरकुरत नव्हता. छत्तीस मीटरचा पाइप कुणालाही न दुखवता चालत होता. आणि उस्ताद लहान मुलासारखे बोट दाखवत होते. "चाललीय बघ. रुमेना, चाललीय. बाई, तुम्ही बघितलंत का? त्रेंदाफिल, अरे इकडे ये, व्हॉल्व्हला चिकटलायस काय?" अशी दोन बोटे रेघ सरकली आणि थांबली. तिकडे कुंडात पाणी पडल्याचा आवाज आला. त्रेंदाफिलने टोपी उडवली ती पाइपवर अडकून बसली.

बाईंनी सही केली. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हा भंगारात टाका म्हणाल्या.

"नको," रुमेना म्हणाली. "हा वाकला म्हणून पाइपचा वळणावरचा जोड वाचला. जोड फुटला असता तर आज पाणी सुटलंच नसतं."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला मिळालेली ही एकमेव शाबासकी. मला तेवढी पुरली.

दुसऱ्या दिवशी दिमित्रोवदेन. घराघरात कोंबडा शिजत होता. न्हाणीघरापुढे एवढी गर्दी की दार दिसेना. पहिला मान म्हाताऱ्या बायकांचा होता. त्या आत गेल्या आणि थोड्या वेळाने आतून हसण्याचे आवाज आले. मग कुणीतरी गाणे धरले. ओल्या केसांनी, लाल गालांनी त्या बाहेर आल्या आणि एकेकीने रुमेनाच्या खांद्यावर एकेक पांढरा टॉवेल टाकला. तिथे काम चांगले झाले की बांधणाऱ्याला असा टॉवेल देतात. शेवटी शेवटी टॉवेलांखाली रुमेना दिसेनाशी झाली. एका आजीने उस्तादांच्या खांद्यावरही टाकला. त्यांनी तो काढून लेकीच्या ढिगावर ठेवला.

त्या रात्री मी उस्तादांच्या काखेत बसून घरी गेलो. त्यांनी मला कामाच्या खोलीत भिंतीवर लावले, माझ्या वाकड्या पाठीसकट. माझ्यावर एक क्लॅम्प बसवला, त्यात हातभर पाइपचा तुकडा. एक नोव्हेंबर आली आणि गेली. टेबलावर दोन ताटे होती.

पुढची वर्षे माझी शाळेची वर्षे. रुमेनाला कामे मिळू लागली, आधी व्रेलोत, मग शेजारच्या गावांत, मग महिनामहिना दूरच्या शहरांत. तिच्याकडे नवी माणसे शिकायला येत आणि उस्ताद आधी त्यांना माझ्यापुढे उभे करत. कॅलेंडरचे पान फाडून हातात देत. "घाल आत. सहज जातंय? पडत नाही ना? आता हा बघ कसा वाकलाय. हा मी वाकवला." कधीही 'चूक झाली' म्हणून ते पुढे सरकले नाहीत. मी वाकवला, असेच म्हणत. कुणी हसले तर तेही हसत. रुमेना दूर असली की फोनवर मात्र ती कधी येणार हे विचारत नसत. काम कसे चाललेय, तेवढेच विचारत. ती येई तेव्हा येई, आणि आली की खोलीतून मला त्यांच्या गप्पा ऐकू येत.

मग गुडघ्यांनी दगा दिला आणि उस्ताद खोलीत येईनासे झाले. माझ्यावर धूळ बसली. एका कोळ्याने माझ्या पाठीच्या भोकांत घर केले. एका हिवाळ्यात छत गळले आणि माझ्या एका टोकावर, जिथला रंग खरवडला होता, तिथे तांबूस ठिपका उगवला. मी वाट बघत होतो. एक दिवस रुमेना आली, तिने ठिपका पाहिला, ब्रश शोधला आणि तिथे जस्ताचा रंग लावला.

मित्रांनो, मी तुमच्याकडे फार मोठे काही मागत नाही. तुमच्या शाळेच्या, घराच्या, दवाखान्याच्या तळघरात माझे भाऊ हात पुढे करून उभे आहेत. वर्षातून एकदा कुणाला तरी दिवा घेऊन खाली पाठवा. गंजाचा ठिपका दिसला तर लगेच रंग लावा, तो मोठा होण्याची वाट बघू नका. आमच्यावर दप्तरे, सायकली, कपडे लटकवू नका, आम्हाला ज्याचा भार दिलाय तोच पेलू द्या. जे गरम होते आणि वाढते, त्याला वाढायला जागा ठेवा. आणि तुमच्याआधी कुणी काही सैल ठेवले असेल, तर पाना काढण्याआधी त्यांना एकदा विचारा. विचारायला लाजू नका. तेवढ्याने आमच्यातला एखादा वाकायचा वाचेल.

वेलिच्को उस्ताद न्हाणीघर उघडल्यानंतर नऊ वर्षांनी, मार्चच्या एकोणीस तारखेला, मंगळवारी सकाळी, आपल्या घरी वारले. ते शहात्तर वर्षांचे होते. रुमेना आदल्या दिवशीच कामावरून परत आली होती आणि त्यांच्याजवळ बसली होती.